पाणंद ते माळशेज : एकाच टायरवर

आज तुम्हाला एका रस्त्यावरून न्यायचे आहे. देवदर्शनाला नाही आणि थंड हवा खायलाही नाही. घरची गाडी ज्या वाटेने माल घेऊन बाजाराला जाते त्या वाटेने जायचे, आणि वाटभर नजर ठेवायची ती चाकावर.

गाडी घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. इंजिन कसे, डिझेल किती खाते, पाटे किती वजन सोसतात, सारे विचारतो. टायर बदलायची वेळ आली की मात्र दुकानदार पुढे करील तो बसवून मोकळे होतो. पण जमिनीला टेकते ते काय? एका चाकाची जेमतेम तळहाताएवढी जागा. भाजीचे क्रेट, शेजारी बसलेली घरधनीण, मागे झोपलेले पोर आणि पट्टीच्या पैशांवर टाकलेला सारा हिशेब, हे सगळे त्या चार तळहातांवर उभे असते.

रस्ता आहे कल्याण-अहिल्यानगरचा. नगरचे नाव बदलले तरी जुनी माणसे त्याला अजून नगर-कल्याण रस्ताच म्हणतात. सरकारी दप्तरात पूर्वी त्याचा क्रमांक २२२ होता, आता ६१ आहे. तो जुन्नर तालुका पूर्वेकडून पश्चिमेला ओलांडतो आणि माळशेज घाट उतरून कोकणात जातो. पूर्वेला कमी पावसाचा, कांद्याचा मुलूख. पश्चिमेला धो-धो पावसाची भातखाचरे. मधून डांबरी रस्ता आणि शेवटी घाट. टायरची परीक्षा घ्यायला याहून चांगली शाळा मिळायची नाही. तुमचे गाव सांगलीकडे असो की अकोल्याकडे, पाणंद, मुरूम, डांबर आणि चिखल तुमच्याही वाटेला आहेतच.

बेल्ह्याचा बैलबाजार

सुरुवात बेल्ह्यापासून करू. बैलबाजारासाठी हे गाव नावाजलेले. बाजारात जाणता माणूस बैलाचे दात बघतो, खांदा बघतो आणि मग खाली वाकून खूर बघतो. नुसत्या रानात राबणाऱ्या बैलाला पत्री मारली नाही तरी चालते. मऊ मातीत त्याचा दुभंगलेला खूर फाकतो, पकड घेतो आणि उचलताना चिखल सोडून देतो. तोच बैल गाडीला जुंपून खडीच्या सडकेवर न्यायचा म्हटले, की खूर झिजतो, बैल लंगडतो. म्हणून सडकेच्या बैलाला पत्री हवीच.

बघा, आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट कोणी शाळेत शिकवली नव्हती. आधी वाट बघायची आणि मग पायात काय घालायचे ते ठरवायचे, एवढे ते जाणून होते. टायरचे सारे शास्त्र याच एका वाक्यात आहे.

आणखी एक गंमत सांगतो. हवा भरलेला टायर १८८८ साली ज्याने चालू केला तो जॉन बॉइड डनलॉप हा गुरांचा डॉक्टर होता. बेलफास्ट गावी त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची धाव बसवली, ती पोराला दगडी रस्त्यावर धक्के बसू नयेत म्हणून. पुढे हाच टायर आपल्या बैलगाडीलाही लागला आणि लोखंडी धावेची गाडी मागे पडली.

पाणंदीतला चिखल

आता डांबरी सोडून एखाद्या पाणंदीत शिरा. काळी माती कोरडी असेल तोवर गुणी. दोन सरी पडल्या की ती चाकाला लोण्यासारखी चिकटते. टायरच्या खाचा बारीक असल्या तर एका फेऱ्यात भरून जातात आणि टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. मग तो जागच्या जागी फिरतो, गाडी पुढे सरकत नाही. फटफटीची तर आणखी फजिती. चिखल मडगार्डमध्ये ठासतो आणि चाकच जाम होते.

चिखलाच्या टायरची नक्षी म्हणूनच वेगळी असते. त्याचे ठोकळे मोठे आणि उंच असतात आणि दोन ठोकळ्यांत रुंद फट असते. चाक फिरताना त्या फटीतला चिखल झटकून बाहेर पडतो. फटफटीला अशा नक्षीचा टायर आला की त्याला आपण बटण टायर म्हणतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे तिरके दात हे याच तत्त्वाचे थोरले रूप. त्या टायरच्या बाजूवर बाण असतो. पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला बाण हवा. उलटा बसवला तर दात चिखल बाहेर टाकायच्या ऐवजी आत गोळा करतात.

कोरड्या दिवसांत पाणंदीत दुसरा शत्रू असतो, तो म्हणजे मुरूम आणि फुटलेला काळा दगड. हा दगड टायरच्या मधल्या जाड भागाला फारसे काही करीत नाही. तो कापतो बाजूची पातळ भिंत. म्हणून रानातल्या गाडीसाठी टायर घेताना नुसती नक्षी बघू नका. बाजू किती भक्कम आहे, किती पदरांची ताकद दिली आहे, तेही विचारा. टायरवर ‘पीआर’ अक्षरांपुढे ६, ८, १० असे आकडे असतात. आकडा मोठा, तशी ओझे सोसण्याची ताकद जास्त.

आळेफाटा ते ओतूर : डांबराची झीज

आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्ता आडवा येतो आणि रहदारी दाटते. जवळच आळे गावी ज्ञानेश्वर महाराजांच्या रेड्याची समाधी आहे. जाता जाता तिथे हात जोडू आणि पुढे ओतूरच्या वाटेला लागू.

मार्च-एप्रिलमध्ये इथले डांबर तव्यासारखे तापते. पाणंदीत मर्दुमकी गाजवणारा बटण टायर इथे केविलवाणा होतो. त्याचे उंच ठोकळे डांबरावर लवतात, घासतात. ठोकळ्यांमध्ये फटी मोठ्या, म्हणून रबर रस्त्याला कमी टेकते. गाडी घोंघावते, डिझेल जास्त खाते आणि ठोकळे वेडेवाकडे झिजतात. ट्रॅक्टर रोज ट्रॉली ओढून डांबरावर धावू लागला की त्याच्या मागच्या टायरचे दातही असेच वेळेआधी जातात. मग ऐन नांगरटीला चाक घसरते.

सडकेच्या टायरची नक्षी याच्या उलट. ठोकळे सखल आणि जवळजवळ, लांब सरळ खाचा आणि ठोकळ्यांवर सुरीने कापल्यासारख्या बारीक रेषा. लांब खाचांतून पावसाचे पाणी बाहेर जाते. बारीक रेषांच्या कडा ओल्या रस्त्याला धरून ठेवतात. त्या रेषा शोभेच्या आहेत असे समजू नका. पुढे घाटात त्यांचे मोल कळेल.

दुकानात तुम्हाला ‘नायलॉन’ आणि ‘रेडियल’ असे दोन शब्द ऐकू येतील. नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे पदर एकमेकांवर तिरके घातलेले असतात. त्याची बाजू कडक, दगडाचा मार सोसणारी. रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली बहुधा पोलादी तारांचा पट्टा असतो. तो कमी तापतो, डांबरावर जास्त टिकतो आणि डिझेलही थोडे वाचवतो. पण त्याची बाजू मऊ असते, तिला दगडापासून जपावे लागते. एका धुरीवर एक नायलॉन आणि एक रेडियल असा संसार कधी मांडू नका. वळणावर दोन्ही चाके दोन स्वभावांनी वागतात.

मढकडची भातखाचरे

ओतूर सोडले, डिंगोरे मागे पडले आणि मढकडे निघालो की मुलूख पालटतो. डोंगर जवळ येतात, कुकडी प्रकल्पातल्या पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी दिसू लागते. समोर हरिश्चंद्रगड उभा, १४२४ मीटर उंचीचा. आषाढात तो ढगात असतो. आवणीच्या दिवसांत इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर गारा.

इथल्या माणसाची गरज बेल्हेकरापेक्षा निराळी. ज्याची गाडी वस्ती ते बांध आणि बांध ते वस्ती एवढीच फिरते, त्याने रुंद फटींचा चिखलाचा टायर खुशाल घ्यावा. डांबर त्याच्या वाटेला थोडे, तेही हळू जायचे.

चिखलात जाणकार ड्रायव्हर एक युक्ती करतात. चाकातली हवा थोडी कमी करतात. टायर पसरतो, टेकण्याची जागा वाढते आणि चाक रुतत नाही. पण ही युक्ती तिथवरच. डांबर लागायच्या आत हवा पुन्हा पूर्ण भरायलाच हवी. कमी हवेचा टायर वेगात धावला की त्याची बाजू सारखी दुमडते, आतून तापते आणि भरल्या ओझ्याखाली फुटते. म्हणून ज्याच्या गाडीत हवेचा पंप आणि हवा मोजायचे मीटर नाही, त्याने या युक्तीच्या वाटेला जाऊ नये.

माळशेज : खरी परीक्षा

आता घाट. इथे पठार संपते आणि सुमारे ७०० मीटर उंचीवरून रस्ता कोकणाच्या पायथ्याला उतरतो. पावसाळ्यात कड्यावरचे धबधबे थेट रस्त्यावर कोसळतात. धुके असे उतरते की बोनेटपुढचे दिसेनासे होते. मधेच एक छोटा बोगदा. दरड आली की वाहतूक बंद. मुंबईची मंडळी इथे हौसेने भिजायला येतात. आपली पिकअप मात्र रात्री, भाजीने भरलेली, पहाटेचा कल्याणचा बाजार गाठायला निघालेली असते.

या उतारावर मनाशी एक प्रश्न विचारा. पाणंदीत गाडी रुतली तर काय जाते? दोन तास जातात, फार तर एक दिवस. शेजारी ट्रॅक्टर आणतो, चार माणसे खांदा लावतात, गाडी निघते. आणि ओल्या घाटात गाडी घसरली तर? तिथे शेजारी नाही, ट्रॅक्टर नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोरून येणारी मालमोटार.

म्हणून एकच गाडी रान आणि घाट दोन्ही करीत असेल, तर टायर घाटासाठी निवडा आणि चिखलाचा बंदोबस्त दुसऱ्या उपायांनी करा. आपण बहुतेक उलटे करतो. रुतलेल्या गाडीचा राग ताजा असतो म्हणून मोठमोठ्या ठोकळ्यांचा टायर घालतो आणि तोच घेऊन भरल्या गाडीनिशी ओला घाट उतरतो. त्या ठोकळ्यांना ओले डांबर धरता येत नाही. ब्रेक दाबला की गाडी लांबवर जाऊन थांबते आणि वळणावर मागचा भाग सुटतो.

गुळगुळीत झालेला सडकेचा टायरही तितकाच वाईट. खाचा उरल्या नाहीत की पाणी बाहेर जात नाही आणि टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. मग स्टीअरिंग फिरवले तरी गाडी ऐकत नाही. खाचांच्या तळाशी जागोजाग छोटे उंचवटे असतात. टायरच्या बाजूवर ‘टीडब्ल्यूआय’ अक्षरे किंवा छोटा त्रिकोण जिथे असेल, त्याच्या सरळ रेषेत ते सापडतात. चारचाकीची नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर संपला. कायदाही तेच सांगतो. घाट करणाऱ्याने तर पावसाळ्याआधी, थोडी नक्षी शिल्लक असतानाच तो बदलावा.

आणखी एक ध्यानात ठेवा. सगळ्यात निसरडा असतो तो पहिला पाऊस. उन्हाळाभर सांडलेले तेल आणि धूळ भिजून रस्त्यावर साय धरते. त्या दिवशी नव्या टायरनेही हळूच जावे.

घाट उतरून मोरोशीच्या पुढे आलो की वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची पाऊलवाट वर चढते. सातवाहनांच्या काळापासून कोकणातला माल या वाटेने जुन्नरला येई. वर लेण्यात ब्राह्मी लिपीतला लेख आहे आणि बाहेर दगडी रांजण. त्यात जकात जमा होत असे, असे सांगतात. या पायऱ्यांच्या वाटेवर गाडीचे चाक चालणे शक्यच नव्हते. माल येई तो जनावरांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर. वाट जशी, तसे वाहन. तिथून टोकावडे, सरळगाव, मुरबाड करीत आपण कल्याणला पोहोचतो, क्रेट उतरवतो आणि रिकाम्या गाडीने परत फिरतो.

परतताना टायरच्या दुकानात

आळेफाट्यासारख्या मोठ्या फाट्यावर टायरची दुकाने असतातच. तिथे तीन नावे ऐकाल. ‘एचटी’ म्हणजे सडकेचा, ‘एमटी’ म्हणजे चिखलाचा आणि ‘एटी’ म्हणजे दोन्हीकडे चालणारा. फटफटीलाही दुहेरी नक्षीचा टायर मिळतो. त्याचे मधले ठोकळे जवळजवळ जुळलेले आणि कडेचे मोकळे असतात. सरळ सडकेवर मधली पट्टी काम करते, मातीत कडा धरतात.

‘एटी’ टायर चिखलात ‘एमटी’ची बरोबरी करीत नाही आणि सडकेवर ‘एचटी’ची. दोन्हीकडे भागवतो, एवढाच त्याचा गुण. पण ज्या घरात गाडी एकच, त्या घराला हाच गुण हवा असतो. मात्र एटी म्हणवणाऱ्या टायरांतही फरक असतो. दोन टायर शेजारी ठेवून बघा. ठोकळ्यांवर बारीक रेषा भरपूर आहेत का? मधले ठोकळे एकमेकांना धरून आहेत का? घाट करणाऱ्याने असाच घ्यावा. मधेही नुसत्या रुंद फटी असतील तर तो नावाचा एटी, स्वभावाचा एमटी.

मग टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा. मुलगा शाळेत शिकत असेल तर त्यालाच वाचायला सांगा. २१५/७५ आर १५ असे लिहिले असेल तर रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि रिम १५ इंचांची. पुढे ओझ्याचा आकडा असतो. १०० असेल तर एका टायरला ८०० किलो सोसते. गाडीचे आणि मालाचे मिळून वजन धरा, ते एकाच धुरीवर जास्त येते हेही लक्षात घ्या, आणि कंपनीने गाडीसोबत सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका. दिसायला रुबाबदार म्हणून मोठ्या मापाचाही घेऊ नका. तो पत्र्याला घासतो, ओढ कमी करतो आणि वेगाचा काटा चुकवतो.

एका लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. हे आपल्याला शहरवाल्यांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. आपली गाडी हंगामात धावते आणि मग महिनोन्महिने झाडाखाली उभी राहते. नक्षी शाबूत दिसते, पण ऊन खाऊन रबर म्हातारे होते, त्याला चिरा पडतात. पाच-सहा वर्षे झाली की नक्षी असली तरी दरवर्षी जाणकाराला दाखवा. उभी गाडी सावलीत ठेवा, डिझेल आणि तेल टायरवर सांडू देऊ नका.

दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर साध्या गाडीला नवे टायर मागच्या चाकांना घाला. मागची पकड सुटली की गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणे अवघड. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीला मात्र चारही टायर सारख्या मापाचे आणि सारख्या झिजेचे लागतात.

आठ दिवसांची वही

दुकानात जायच्या आधी एक काम करा. आठ दिवस वहीत लिहा : आज गाडी चिखलात किती चालली, मुरमावर किती, डांबरावर किती. आणि एक खूण वेगळी करा : कोणत्या दिवशी गाडीत घरची माणसे होती आणि गाडी वेगात किंवा उतारावर होती. पहिले आकडे सांगतील टायर कुठे झिजणार. दुसरी खूण सांगेल तो कुठे दगा देता कामा नये. दोन्हींचा मेळ बसला तर प्रश्नच नाही. नाही बसला, तर दुसऱ्या खुणेचे ऐका.

राहिला पाणंदीचा चिखल. त्यावर टायरपेक्षा स्वस्त औषध आहे. पाणंदीच्या कडेचे शेतकरी एकत्र बसा, दोन्ही बाजूंना चर काढा, खोलगट जागी मुरूम टाका. एकाच्या टायरच्या पैशात सगळ्यांची वाट सुधारते. गाडीत एक दोरखंड, एक फावडे आणि दोन फळ्या ठेवा. आणि रविवारी सकाळी गाडी थंड असताना घरातल्या पोरांना हवा मोजायला लावा. स्टेपनीचीसुद्धा.